हेची काडी खंय? : अँटेना आणि त्याच्या मालकीचा इतिहास

गेल्या गणपतीत माझा मुलगा पुण्याहून मालवणला घरी आला, तेव्हा त्याच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. ओटीवर बसल्या बसल्या तो त्या घड्याळाशी बोलू लागला आणि घड्याळातून त्याच्या मित्राचा आवाज आला. फोन आत माजघरात चार्जिंगला लावलेला होता आणि बंद होता. माझे वडील खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. मालवणच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवलं आहे. त्यांनी नातवाचा हात ओढून घेतला, घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हेची काडी खंय आसा रे?"

काडी म्हणजे अँटेना. रेडिओ म्हटला की त्याला काडी हवीच, हे बाबांचं आयुष्यभराचं शास्त्र. नातवाला उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नाही. मी इतिहासाचा माणूस. महाविद्यालयात तीसेक वर्षं इतिहास शिकवला. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो. काडी कुठे आहे ते लवकरच कळलं. त्याहून गुंतागुंतीचा निघाला तो दुसराच प्रश्न: ती काडी कोणाची?

या दुसऱ्या प्रश्नाशी आमच्या घराचा जुना संबंध आहे. १९९०च्या दशकात आमच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांवर व्हीएचएफ संच येऊ लागले. संचाबरोबर येणारी काडी लोखंडी जहाजावर चांगली चाले, पण लाकडी होडीवर आवाज लवकर विरून जाई. बाबांनी त्याचं कारण ओळखलं. त्या काडीला पायाखाली धातू लागतो आणि लाकडी होडीत तो नसतो. त्यांनी काडीच्या बुडाशी ॲल्युमिनियमच्या चार नळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या खाली कललेल्या बसवल्या. प्रत्येक नळी अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची. ही छत्री डोलकाठीच्या टोकाला चढवली की आवाज दूरवर पोचू लागला. काही तांडेलांनी तशा छत्र्या करून नेल्या. मग बाहेरगावचा एक व्यापारी दुकानात आला, एक छत्री विकत घेऊन गेला आणि पुढच्या हंगामात तशीच छत्री बाजारात विकायला आणली. तिच्यावर इंग्रजीत 'पेटंटेड' असं छापलेली चिठ्ठी होती. "माझी काडी चोरल्यानी," असं बाबा आजही म्हणतात. पेटंटचा क्रमांक काय, हे त्या व्यापाऱ्याला त्या वेळी कोणी विचारलं नाही. पेटंट नसताना वस्तूवर तसं लिहिणं हा १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली गुन्हा आहे, हेही आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

मराठीत 'पेटंट' शब्दाचा अर्थही जरा सैल झालेला आहे. एखाद्याचं पेटंट वाक्य असतं, एखाद्या काकूंचं पेटंट लोणचं असतं. म्हणजे जे ज्याच्या नावाने ओळखलं जातं ते त्याचं. कायद्यातलं पेटंट तसं नसतं. तिथे नाव ओळखीने मिळत नाही. ते तारखेने आणि शब्दांनी मिळतं. अँटेनाच्या इतिहासात हे वारंवार दिसतं.

काडीची लांबी

आधी काडीचं गणित सांगतो, कारण पुढचे सगळे तंटे त्यातून निघाले आहेत. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते. सेकंदाला दहा लाख आवर्तनं असतील तर एका लहरीची लांबी ३०० मीटर भरते. आवर्तनं वाढली की लांबी कमी होते. नुसती उभी काडी नीट काम करायला लहरीच्या साधारण पाव लांबीची असावी लागते. होडीवरच्या संचाची लहर एक मीटर नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असते. बाबांचे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर हे तिचे पाव. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग आठ सेंटिमीटर येतो आणि घड्याळाची तबकडी असते चार सेंटिमीटरची. म्हणजे काडी सरळ ठेवायला जागाच नाही.

मनगटावर आणखी एक अडचण आहे. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, आणि खारं पाणी रेडिओलहर गिळतं. समुद्रात बुडवलेल्या काडीचं जे होतं तेच थोड्या प्रमाणात मनगटाला टेकलेल्या काडीचं होतं. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ साली आणि एल. जे. चू यांनी १९४८ साली लहान अँटेनाची मर्यादा गणिताने मांडली. अँटेना लहरीच्या मानाने फार लहान केला तर तो एकतर अगदी अरुंद पट्ट्यात चालतो, नाहीतर बरीच शक्ती उष्णतेत घालवतो. ही मर्यादा कोणालाही ओलांडता येत नाही. तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, एवढंच कारागिराच्या हाती उरतं. पेटंटं मिळतात ती या जवळ जाण्याच्या युक्तींना.

बोस यांचं नरसाळं

लहर आखूड केली की काडीही आखूड होते, हे जगात फार आधी हाताळलं ते जगदीशचंद्र बोस यांनी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८९०च्या दशकात ते अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर काम करत होते. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणं दाखवली. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी धातूचं नरसाळं वापरलं होतं. आज अभियंते त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत साउथवर्थ आणि बॅरो यांनी तशाच नरसाळ्यावर नव्याने काम केलं, आणि पाठ्यपुस्तकांतून बहुतेकदा इतिहास तिथूनच सुरू होतो.

बोस यांनी नरसाळ्याचं पेटंट घेतलं नाही. शोधातून पैसा करणं त्यांना पटत नसे. स्नेह्यांच्या आग्रहावरून त्यांनी लहरी ओळखणाऱ्या एका उपकरणासाठी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज केला आणि २९ मार्च १९०४ रोजी ते पेटंट मिळालं. बोस यांच्यावर अन्याय झाला अशी तक्रार आपल्याकडे नेहमी होते. ती करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यांनी आपलं काम जाहीर दाखवलं आणि छापलंही. त्यामुळे त्यावर त्यांचा मालकी हक्क राहिला नाही हे खरं, पण दुसऱ्या कोणालाही तसाच हक्क सांगणं अवघड झालं. याचा उपयोग शेवटी येणार आहे.

चार सत्त्या

अँटेनाच्या मालकीचा सर्वांत मोठा खटला मार्कोनीच्या नावावर आहे. २६ एप्रिल १९०० रोजी त्याने ब्रिटनमध्ये जो अर्ज केला, त्याच्या पेटंटचा क्रमांक होता ७७७७. इंग्रजीत ते 'चार सत्त्या' म्हणूनच प्रसिद्ध झालं. त्यातली कल्पना अशी: पाठवणाऱ्या ठिकाणी दोन मंडलं, एक आंदोलनं निर्माण करणारं आणि एक अँटेनाचं, घेणाऱ्या ठिकाणीही तशीच दोन. चारही मंडलं एकाच कंपनसंख्येवर जुळवली, तर संदेश दूर जातो आणि दुसऱ्याच्या संदेशात मिसळत नाही. भजनाला बसण्याआधी तबला पेटीच्या सुरात लावून घेतात, तसाच हा प्रकार.

१९११ साली लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती पार्कर यांनी हे पेटंट वैध ठरवलं आणि मार्कोनी कंपनीचा वचक जगभर बसला. अमेरिकेत मात्र गोष्ट वेगळी झाली. तिथे मार्कोनीने अर्ज केला १० नोव्हेंबर १९०० रोजी. अमेरिकेच्या पेटंट कचेरीने तो आधी नाकारला आणि अखेर २८ जून १९०४ रोजी पेटंट दिलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने ही यंत्रणा वापरली म्हणून मार्कोनीच्या अमेरिकी कंपनीने १९१६ साली सरकारवर भरपाईचा दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला २१ जून १९४३ रोजी. तोवर पेटंटची मुदत कधीच संपली होती आणि मार्कोनीला जाऊनही सहा वर्षं झाली होती.

न्यायालयाने चार मंडलांचे ते दावे रद्द केले. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन स्टोन यांच्या आधीच्या कामात ही कल्पना येऊन गेली होती, असं न्यायालयाचं म्हणणं. यांतला स्टोन हा बॉस्टनचा अभियंता आज विस्मरणात गेला आहे. त्याचा स्वतःचा अर्ज फेब्रुवारी १९०० चा, मार्कोनीच्या अमेरिकी अर्जाच्या नऊ महिने आधीचा. त्याहीपेक्षा महत्त्वाची ठरली ती त्याने १८९९च्या उन्हाळ्यात बेकर नावाच्या स्नेह्याला लिहिलेली पत्रं. त्यांत जुळवलेल्या मंडलांची कल्पना तारखेसह लिहिलेली होती. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात आधी अर्ज करणाऱ्यापेक्षा आधी शोध लावणाऱ्याला मान होता, म्हणून खाजगी पत्रही पुरावा ठरू शकलं. हा नियम अमेरिकेने मार्च २०१३ मध्ये बदलला. आता तिथेही आधी अर्ज करणाऱ्याचं आधी पाहतात.

या निकालाबद्दल एक गैरसमज मराठी लेखनातही फिरतो: अमेरिकी न्यायालयाने रेडिओचा जनक म्हणून टेस्लाला मान्यता दिली, असा. तसं झालेलं नाही. मार्कोनीच्या पहिल्या पेटंटवर उभी असलेली त्याची कीर्ती इथे वादाचा विषयच नाही, असं निकालपत्रात स्पष्ट म्हटलं आहे. न्यायालय जनक ठरवत नाही. अमुक कागदातला अमुक दावा त्या तारखेला नवा होता का, एवढंच ते पाहतं. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी वेगळं मत नोंदवलं, तेही विचार करण्यासारखं आहे. एखादी युक्ती सर्वांच्या अंगवळणी पडल्यावर मागे वळून पाहिलं की ती सोपीच वाटते. पण त्या वेळी ती सोपी होती का, हे चाळीस वर्षांनी न्यायाधीशांनी कसं ठरवायचं, अशी त्यांची शंका होती.

खडकी आणि दौंड

अँटेना ज्याच्या हाती त्याच्या हाती काय येतं, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्यातल्या देशांना बिनतारी यंत्रणेने जोडायचं ठरलं, तेव्हा विचार होता लांब लहरींच्या प्रचंड केंद्रांचा. मार्कोनी कंपनीतला अभियंता चार्ल्स फ्रँकलिन याने दुसरी वाट काढली. उंच मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगायचा, त्याच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा लावायचा आणि आखूड लहरींचा झोत एकाच दिशेला सोडायचा. सगळीकडे ओरडण्यापेक्षा एकाच्या कानाशी बोलायला शक्ती कमी लागते. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये ही 'बीम' सेवा सुरू झाली. संदेश पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेणारं दौंडला. पाठवणाऱ्याच्या गोंगाटात घेणाऱ्याला काही ऐकू येऊ नये अशी गत होते, म्हणून ही दोन केंद्रं एकमेकांपासून दूर ठेवलेली.

हे अँटेना मार्कोनीच्या पेटंटांखालचे होते. त्यांच्यामुळे संदेशाचा दर इतका उतरला की समुद्राखालून तारा टाकून बसलेल्या जुन्या, श्रीमंत केबल कंपन्यांचं गिऱ्हाईक तुटू लागलं. तारांच्या एका पडद्याने हजारो मैलांच्या केबल धोक्यात आणल्या. १९२८ साली लंडनला साम्राज्याची परिषद भरली आणि १९२९ साली केबल व बिनतारी या दोन्ही धंद्यांचं विलीनीकरण झालं. आपल्याकडे १९३२ साली इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. तीच पुढे १९८६ साली विदेश संचार निगम झाली. दौंडच्या माळावरच्या तारांमधून जाणाऱ्या प्रत्येक शब्दाचा पैसा कोणाकडे जायचा, हे वीस वर्षं परदेशात ठरत होतं.

मनगटावर

मनगटी रेडिओची कल्पना लोकांच्या मनात रुजवली ती एका चित्रकथेने. १९४६च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डिक ट्रेसी या गुप्तहेराच्या हातावर दुतर्फा बोलणारा रेडिओ आला. चित्रकार चेस्टर गूल्ड याला ती कल्पना सुचली अल ग्रॉस या संशोधकाच्या कार्यशाळेत. ग्रॉसने १९३८ साली हातात धरून बोलण्याचा संच केला होता. पुढे पेजरही केला. पण त्या वस्तूंचा मोठा बाजार उभा राहीपर्यंत त्याच्या पेटंटांची मुदत संपून गेली होती. त्याच्या वाट्याला नाव आलं, पैसा नाही. पेटंटच्या धंद्यात उशिरा येणारा बुडतो तसा फार लवकर येणाराही बुडतो.

मनगटावर काडी ठेवायची कुठे, याची उत्तरं बदलत गेली. १९९०च्या सुमाराला सेइकोच्या संदेश घेणाऱ्या घड्याळात अँटेना होता पट्ट्यात. पट्टा मनगटाभोवती बांधला की तोच काडीचं काम करी. २०१७ साली ॲपलने मोबाइल जोडणी असलेलं घड्याळ आणलं, तेव्हा पडद्याचाच अँटेना म्हणून उपयोग केला. म्हणजे बाबांनी घड्याळ उलटंसुलटं करून जी काडी शोधली, ती बहुधा त्यांच्या डोळ्यांसमोरच होती.

आखूड जागेत लांब काडी मावण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ती मोडून, वळवून ठेवायची. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना वीतभर जागेत केवढी लांब रेघ फिरते, ते आठवा. गणितात अशा जागा भरणाऱ्या रेषा जुन्या आहेत. हिल्बर्टची वक्ररेषा १८९१ची, सिएरपिन्स्कीचा त्रिकोण १९१५चा. १९९०च्या दशकात बॉस्टनचे नेथन कोहेन आणि बार्सिलोनाचे कार्लेस पुएंते यांनी अशा आकृत्यांचे अँटेना करण्यावर स्वतंत्रपणे काम केलं. पुएंते यांच्या फ्रॅक्टस कंपनीने २००९ साली अमेरिकेत टेक्सासच्या न्यायालयात दहा मोबाइल कंपन्यांवर दावा लावला. फोनच्या पोटातल्या अँटेनाचे आकार आमच्या पेटंटात येतात, असं तिचं म्हणणं. बऱ्याच कंपन्यांनी तडजोड केली. सॅमसंग लढली. २०११च्या मे महिन्यात ज्यूरीने फ्रॅक्टसच्या बाजूने कौल देऊन सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर भरपाई ठरवली. हा खटला फोनचा, घड्याळाचा नव्हे. पण जागेची अडचण तीच आणि मनगटावर ती आणखी तीव्र.

इथे फ्रँकफर्टर यांची शंका उलट बाजूने उभी राहते. हिल्बर्टची रेघ कोणाची नाही. आपल्या कायद्यानेही गणिती पद्धतीला पेटंट मिळत नाही. मग त्या रेघेचा तांब्याचा पत्रा कापला की ती कोणाची होते? उत्तर असं की पत्रा कापून त्यातून एकाच वेळी अनेक पट्ट्यांवर काम करून घेणं हा शोध असू शकतो, पण तेवढाच. दावा जितका रुंद लिहावा तितका पैसा जास्त आणि तितकीच जुन्या कागदांवर ठेच लागण्याची भीती जास्त. वकिलांचं सगळं कसब या रुंदीत असतं.

बाबांची वही

आता बाबांच्या छत्रीकडे येतो. वाचता वाचता मला तीही सापडली. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज ब्राऊन या अभियंत्याने तशी छत्री १९३०च्या दशकातच केली होती. तिला ग्राउंड प्लेन अँटेना म्हणतात. बुडाला दोन काड्या पुरल्या असत्या. पण अँटेना चारही दिशांना सारखाच चालेल यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून चार लावल्या, असं ब्राऊन पुढे सांगत असत. बाबांनीही चारच लावल्या होत्या.

म्हणजे बाबांना पेटंट मिळालं नसतं. आणि त्या व्यापाऱ्यालाही मिळालं नसतं. पुस्तकं नसलेल्या दुकानात, फक्त कानाने आणि हाताने माणूस त्याच आकृतीपर्यंत पोचला, याचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही. पण कायद्याच्या लेखी नव्याची व्याख्या जगाला धरून असते, मालवणला धरून नव्हे.

माळ्यावर मला बाबांची १९९४ची शाळकरी वही मिळाली. तिच्यात छत्रीची पेन्सिलीने काढलेली आकृती, मापं, तारीख आणि ती ज्या होडीवर चढवली तिचं नाव आहे. ही वही बाबांना मालक करू शकत नाही. तरीही ती रद्दी नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५ नुसार पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते, आणि ती वस्तू भारतात आधीपासून उघडपणे वापरात होती, हे हरकतीचं एक कारण आहे. डोलकाठीवर चढवलेली छत्री अख्ख्या बंदराने पाहिलेली. उद्या कोणी होडीवरच्या अशाच एखाद्या युक्तीवर हक्क सांगू लागला, तर असली वही त्याच्या आड उभी राहू शकते.

हे मालवणसाठी आज महत्त्वाचं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला केंद्र सरकारने मासेमारी नौकांसाठी उपग्रहाशी बोलणाऱ्या यंत्रणेचा आरंभ केला. देशभरात १ लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. २०१५ साली सोडलेल्या जीसॅट-६ उपग्रहावर ६ मीटर व्यासाचा, आकाशात उलगडणारा अँटेना आहे. वरचा कान इतका मोठा केला की खालची काडी लहान चालते. उद्या ती खलाशाच्या मनगटावरही येईल. तेव्हा ओल्या हातावर, खाऱ्या फडक्याखाली, लाकडी होडीत ती नीट चालावी म्हणून इथला कोणीतरी काहीतरी युक्ती करणार, हे ठरलेलं आहे. त्याने ती तारीख घालून लिहून ठेवावी आणि चार जणांना दाखवावी. मालकी हवी असेल तर दाखवण्याआधी अर्ज करावा. ती नको असेल, तर निदान दुसऱ्या कोणाची होऊ नये एवढं पाहावं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ब्राऊनचं नाव ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. तीस वर्षं उराशी धरलेली तक्रार अशी एका दुपारी हातातून काढून घेणं मला जड गेलं. मग त्यांनी विचारलं, "मगे ती काडी कोणाची?"

"कोणाचीच नाय," मी म्हटलं. "तुमची, ब्राऊनची, सगळ्यांची."

त्यांनी वही मागून घेतली, आकृतीचं पान चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि मला परत दिली. म्हणाले, "प्लॅस्टिकच्या पिशयेत घालून ठेव. नायतर कसर लागतली."